सावल्या कुठे गेल्या?

साताऱ्याला मामांकडे गेलं की जेवणाआधी लॅपटॉप उघडायचा नाही, असा मामींचा नियम आहे. तो उघडला की मामांची नि माझी जुंपते आणि भाकऱ्या गार होतात. फेब्रुवारीतल्या चौथ्या शनिवारी मी तो नियम मोडला.

मी पुण्यात बँकेत नोकरी करते. चार वर्षांपूर्वी कॅमेरा घेतला आणि दुसरा-चौथा शनिवार त्याला वाहून टाकला. सकाळी बाहेर पडायचं, दुपारी परतायचं आणि रात्री फोटो संगणकावर टाकून बारा-एकपर्यंत त्यांच्याशी खेळत बसायचं, असा माझा क्रम. खरं सांगायचं तर यातली रात्रच मला जास्त आवडते. मामांचा साताऱ्याच्या बाजारपेठेत फोटो स्टुडिओ होता. १९७० साली उघडला, २००६ साली बंद केला. ते आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत, एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय. पण फोटोकडे बघताना त्या डोळ्याला कुठून धार येते कोण जाणे.

पहिला फोटो कासच्या पठाराचा होता. खाली जमिनीलगत 'सीतेची आसवं' या फुलांचा जांभळा-निळा गालिचा, मध्ये काळा कातळ, वर ढग फाडून आलेलं ऊन. ऑफिसच्या ग्रुपवर त्याला भरभरून अंगठे मिळाले होते. मामांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि नाक पडद्याला टेकेल इतके पुढे झुकले.

मामा : सावल्या कुठे गेल्या?

मी : कसल्या सावल्या?

मामा : एवढा थोरला सूर्य समोर आहे ना? मग फुलांच्या सावल्या आपल्या अंगावर यायला हव्यात. एक तरी दाखव.

मी : धुकं होतं हो मामा. पहाटे पुण्याहून निघाले, पोचले तर वर नुसता पांढरा कागद.

मामा : मग हे आकाश कुणाचं?

मी : फोटोशॉपचं. २०२० पासून त्यात सोयच आहे. आकाश कुठे संपतं ते तेच ओळखतं, आपण फक्त दुसरं निवडायचं. अर्ध्या मिनिटाचं काम.

मामा : म्हणजे कुठल्या देशाचं आकाश आहे, तेसुद्धा तुला ठाऊक नाही.

मी : आकाशाला कुठे आलाय देश? आणि हे काही आजचं नाही. गुस्ताव ल ग्रे नावाचा फ्रेंच छायाचित्रकार १८५०च्या दशकात समुद्राचे फोटो काढायचा. तेव्हाच्या काचेच्या निगेटिव्हला निळा प्रकाश फार लवकर लागायचा, त्यामुळे समुद्र नीट यावा तर आकाश जळून पांढरं व्हायचं. मग तो आकाशाची वेगळी निगेटिव्ह घ्यायचा आणि दोन्ही जोडून एक प्रिंट करायचा. एकच आकाश त्याने दोन समुद्रांवर वापरलंय.

मामा : त्याचं आकाश होतं, पण काचेवर येत नव्हतं. तुझं तर आलं होतं की! धुकं म्हणजे काय आकाश नव्हे? सप्टेंबरात कासला धुकंच असतं. त्या धुक्यावर, त्या ओलीवर तर ती फुलं जगतात. तू धुकं काढलंस आणि फुलं ठेवलीस. म्हणजे नवरी ठेवलीस आणि माहेर पुसलंस.

मला हसू आलं, पण मी मागे हटले नाही. माझं म्हणणं साधं आहे. मी वार्ताहर नाही, वनखात्यात नाही, कुणाला पुरावा म्हणून हा फोटो देत नाही. चित्रकाराने धुकं गाळलं तर त्याला कुणी जाब विचारत नाही. मग मलाच का?

मी : फोटो म्हणजे काय पंचनामा आहे का, मामा?

मामा : पंचनामाच. लोक त्याच्यावर पंचनाम्यासारखा भरवसा ठेवतात, म्हणून तर तुला अंगठे मिळाले. तू हेच चित्र म्हणून काढून टाकलं असतंस तर "छान रंगवलंय" म्हणाले असते. आता म्हणाले असतील, "काय नशीब तुझं, कधी गेली होतीस?" म्हणाले की नाही?

अगदी हेच म्हणाले होते. आणि मी सगळ्यांना "सप्टेंबरातल्या दुसऱ्या शनिवारी" असं उत्तर दिलं होतं.

मामा : बरं, आकाश राहू दे. फुलांचा रंग हाच होता का?

मी : साधारण.

मामा : साधारण म्हणजे? ही आसवं जांभळी असतात. तुझी निळी झालीत.

मी : ते व्हाइट बॅलन्समुळे. धुक्यातला उजेड मुळात निळसर. कॅमेरा त्यावर आपल्या मनाने उतारा काढतो आणि जांभळ्या रंगाशी तर सगळ्याच कॅमेऱ्यांचं वाकडं आहे. रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या कच्च्या नोंदीत, ते मागाहून हवं तसं फिरवता येतं. हे बघा, ही पट्टी इकडे सरकवली की निळी, तिकडे नेली की गुलाबीकडे झुकलेली.

मामा : मग खरी कुठे थांबवायची?

मी : ...

मामा : तिथे उभी होतीस ना? डोळ्यांना कशी दिसत होती?

हा प्रश्न मला लागला. कासला दीड तास होते. त्यातला बहुतेक वेळ मी कॅमेऱ्याच्या मागच्या इवल्याशा पडद्यात बघत होते. फुलं अगदी बारीक होती हे आठवतं. ही वनस्पती मातीखालच्या नखाएवढ्याही नसलेल्या पिशव्यांत किडे पकडून खाते हे वाचलेलंही आठवतं. जांभळा नेमका कोणता होता, ते आठवत नाही. शाळेच्या पोरी वेणीला बांधायच्या त्या फितीसारखा? की जांभळाच्या डागासारखा? पट्टी सरकवत बसले आणि कळलं, की मी अंदाजाने सरकवतेय.

मी हार मानली असं मामांना वाटू नये म्हणून विषय थोडा आत नेला.

मी : पण मामा, अंदाज तर कॅमेराही करतो. सेन्सरवरच्या प्रत्येक ठिपक्यावर एकाच रंगाची काच असते. चार ठिपक्यांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा. कोडॅकच्या ब्राइस बायर यांची ही युक्ती, १९७६ सालचं पेटंट. ज्या ठिपक्याने हिरवा पाहिला त्याला लाल-निळं काही माहीत नसतं. ते शेजाऱ्यांना विचारून भरलं जातं. म्हणजे अशा रंगीत फोटोतले दोन तृतीयांश रंग मोजलेले नसतात, हिशेबाने बसवलेले असतात. तुमचा पंचनामा मुळातच अंदाजपंचे!

मामा : तू बँकेत आहेस, तुला मी काय सांगायचं? तोंडमिळवणी करताना आकडा हिशेबाने काढणं वेगळं आणि खोटी वही लिहिणं वेगळं.

हे मात्र मला मान्य करावं लागलं. मग मी त्यांना तीच रॉ फाइल मूळ स्वरूपात दाखवली. जेपेगमध्ये एकेका रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. माझ्या कॅमेऱ्याच्या चौदा-बिट रॉमध्ये १६,३८४. म्हणून काळाठिक्कर दिसणारा कातळ उजळत नेला तर त्यावरचं शेवाळ, पाण्याचा ओघळ, एक शंख असं सगळं वर आलं. मामा खुर्चीत सरसावून बसले. हे त्यांच्या ओळखीचं होतं.

मामा : हे खोटं नाही. हे तिथे होतं. हेच आम्ही एन्लार्जरखाली करायचो. तारेला पुठ्ठ्याची चकती लावायची आणि जिथे काळं होतंय तिथला प्रकाश अडवायचा. आकाश फिकं असेल तर बाकीचं हाताने झाकून आकाशाला आणखी आठ सेकंद द्यायचे. हात सतत हलता ठेवायचा, नाहीतर कडा उमटते. प्रत्येक निगेटिव्हच्या पाकिटावर पेन्सिलीने लिहिलेलं असायचं : चेहऱ्याला दोन कमी, आकाशाला आठ जास्त.

मी : मग माझ्या सॉफ्टवेअरमध्येही पाकीट आहे. रॉ फाइलला हात लागतच नाही. मी काय काय केलं त्याची यादी शेजारच्या छोट्या फाइलमध्ये पडते. कधीही उघडून बघा.

मामा : त्या यादीत "आकाश परक्याचं" असं लिहिलंय का?

मी : अँसेल ॲडम्सने काय वेगळं केलं? १९४१ सालचा त्याचा तो चंद्रोदयाचा फोटो, न्यू मेक्सिकोतल्या खेड्यावरचा. निगेटिव्हमध्ये आकाशात ढगांचे फिके पट्टे आहेत. वर्षं गेली तसा तो त्याच निगेटिव्हवरून आकाश अधिकाधिक काळं छापत गेला. शेवटी शेवटी तर चंद्राभोवती नुसती रात्र राहिली.

मामा : आकाश काळं केलं. चंद्र दुसऱ्या गावाहून आणला नाही.

एचडीआर, म्हणजे कमी-जास्त उजेडाचे अनेक फोटो एकत्र करण्याच्या प्रकरणावर आम्ही फार वेळ घालवला नाही. माझा दोन वर्षांपूर्वीचा अजिंक्यतारा बघून मामांनी एवढंच विचारलं, "किल्ला आहे का मिठाईचं दुकान?" तो मी त्यांच्यासमोरच पुसला.

मामी एकदा डोकावून गेल्या. मी माझा हुकमाचा पत्ता टाकला.

मी : मामा, तुमच्या स्टुडिओत मागे रंगवलेला पडदा होता. जिना, तळं, हंस. आणि खुंटीला एकच कोट. ज्याला त्याला तोच घालायचात, ढगळ झाला तर पाठीमागून चिमटे लावून. ते खरं होतं?

मामा : तो कोट खोटा आहे हे घालणाऱ्यालाही माहीत होतं आणि बघणाऱ्यालाही. सगळ्यांच्या घरात त्याच कोटातला एकेक फोटो होता.

मी : आणि देवीचे वण? निगेटिव्हवर पेन्सिल मारून वण पुसायचात, हे तुम्हीच मला शिकवलंय.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी जे सांगितलं ते मी इतकी वर्षं ऐकलं नव्हतं.

मामा : पुसायचो. निगेटिव्हवर वण काचेसारखा पारदर्शक दिसतो, म्हणजे कागदावर काळा उतरतो. तिथे टोकदार शिसपेन्सिलीने बारीक बारीक गुंडाळ्या करायच्या, की डाग भरून येतो. एका चेहऱ्याला एक तास. आणि सगळ्यात जास्त फोटो स्थळाचे असायचे. मुलीची आई सोबत यायची आणि निघताना हळूच म्हणायची, "जरा उजळ येऊ द्या." त्यात काही कलाकुसर नव्हती. कागदाला दोन सेकंद कमी दिले की मुलगी गोरी.

मी : द्यायचात?

मामा : द्यायचो की. एकदा एक बाई परत आली. काउंटरवर फोटो ठेवला. म्हणाली, पाहुणे आले, मुलीला बघितलं, आणि "फोटोतली मुलगी कुठे आहे?" असं विचारून चहा न घेता उठले. मुलगी दुकानाबाहेर रस्त्यावर उभी होती. मी तिच्याकडे बघितलं. अगं, चांगली होती मुलगी. सावळी, तरतरीत. मी तिला फोटोत बघितलीच नव्हती, नुसती उजळ केली होती.

मी : मग सोडलंत?

मामा : नाही. दुकान चालवायचं होतं. २००६ पर्यंत केलं. म्हणून तर तुला सांगतोय. न करणाऱ्याने सांगितलं असतं तर तू ऐकलं नसतंस.

मी पुढचा फोटो उघडला, तो मुख्यतः हा विषय संपावा म्हणून. पण तो भिगवणचा होता, आणि तिथे तर मी अधिकच अडकणार होते.

उजनी धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. कुंभारगावातून कोळ्यांच्या नावा मिळतात. आम्ही जानेवारीत उजाडता उजाडता पाण्यावर होतो. मी सकाळभरात सहाशेच्या वर फोटो काढले. (मामांच्या याशिका मॅटमध्ये एका रोलला बारा यायचे. हा आकडा ते मला दर भेटीत एकदा ऐकवतात.) सहाशेंतून निवडलेला हा एक : उडणारा थवा, पसरलेले पंख, गुलाबी गुलाबी.

मामा : इतके गुलाबी असतात?

मी : नाही. भिगवणला येतो तो मोठा रोहित. तो लांबून जवळजवळ पांढराच दिसतो. रंग असतो तो पंखांत. अंगभर गुलाबी दिसतो तो छोटा रोहित, ठाण्याच्या खाडीत भरपूर असतो. मी सॅच्युरेशन जरा जास्त ओढलं. आमच्या ग्रुपमधल्या एकाने लगेच पकडलं : रंग छोट्याचा आणि चोच मोठ्याची, हा कुठला नवा पक्षी? छोट्याची चोच गडद असते, मोठ्याची गुलाबी आणि टोकाला काळी. पक्षी बघणाऱ्यांच्या ग्रुपात रंग वाढवला की जातच बदलते.

मामा : मग कमी करून टाक. ही चूक सरळ आहे, पट्टी मागे घेतली की मिटली. मला दुसरंच विचारायचंय. हे सगळे एकदम उडाले कसे?

मी : उडतात अधूनमधून.

मामा : सगळे? तुझ्याकडे पाठ करून?

पुन्हा तो एक डोळा. पक्षी दूर पळताना पाठ करतात. आपणहून उडताना ते कुठेही तोंड करून उडतात. मी खरं ते सांगितलं. शेजारच्या नावेतल्या लोकांना पंखांचा रंग हवा होता. रोहित पाण्यात उभा असताना त्याचा लाल-काळा पंख झाकलेला असतो. उडाला तरच दिसतो. त्यांनी नावाड्याला वरचे पैसे देऊ केले आणि नाव थेट थव्यावर घातली. थवा उठला. मी "नको" म्हटलं नाही. मी कॅमेरा उचलला.

मी : पण या फोटोत, रंग सोडला तर, मी काहीही बदललेलं नाही, मामा. एक ठिपकाही नाही.

मामा : तेच म्हणतोय.

मी : असा एक प्रसिद्ध किस्सा आहे. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमची वन्यजीव छायाचित्रांची स्पर्धा असते. २००९ साली पहिलं बक्षीस एका लांडग्याला मिळालं, रात्री फाटकावरून उडी मारणाऱ्या. मागाहून परीक्षकांचं मत पडलं की तो लांडगा जंगलातला नसून माणसाळवलेला असावा. छायाचित्रकाराने नाकारलं, पण बक्षीस काढून घेतलं. त्या फोटोत संगणकाने काही केल्याचा आरोपच नव्हता.

मामा : म्हणजे तुझा कासचा फोटो खोटा आणि त्याने कुणाचं काही गेलं नाही. भिगवणचा खरा, आणि त्याच्यासाठी शंभर पक्षी खाता खाता उठले. आता सांग, रात्री बारापर्यंत जागून तू कुठला दुरुस्त करायला हवा होतास?

माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि या मुद्द्यावर मी मामांशी भांडणारही नाही. एवढंच म्हणेन, की भिगवणला जाणार असाल तर नावाड्याला आधीच सांगून ठेवा, की थवा उठवायचा नाही आणि पैसे तेवढेच मिळतील. तो ऐकतो. न ऐकणारे गिऱ्हाईकच असतात.

एवढ्यावर जेवण झालं असतं. पण येताना मामांसाठी मी एक गोष्ट आणली होती. त्यांच्या पेटीतली एक निगेटिव्ह मी मागे नेऊन स्कॅन केली होती : आजी अंगणात बसून शेंगा फोडते आहे. १९७१ सालचा फोटो, ऑर्वोचा कृष्णधवल रोल. आपोआप रंग भरणाऱ्या एका सॉफ्टवेअरमध्ये मी तो घातला होता. मामा नाराज होतील असं धरूनच चालले होते.

मामा : हे काय? आईनं निळं लुगडं नेसलंय?

मी : त्याला काय माहीत, मामा? कृष्णधवल फिल्मवर लाल आणि हिरवा एकाच करड्यात उतरू शकतात. करड्यावरून मूळ रंग कळत नाही, मग ते सावधपणे निळसर-तपकिरी काहीतरी फासतं. ठेवू या आपण काळा-पांढराच. मूळ फोटोच सुंदर आहे.

मामा : का म्हणून? लुगडं हिरवं होतं. इरकल. काठ तांबडा. कर हिरवं.

मी : तुम्ही सांगताय हे? मघापासून...

मामा : मघाचं वेगळं. इथे मी होतो. कर म्हणतो ना.

मी लुगड्याभोवती मास्क आखला, त्यात हिरवा भरला आणि माऊस त्यांच्या हातात दिला. पट्टी कशी सरकवायची ते दाखवलं. मामांनी हिरवा गडद केला. मग फिका. "असा नव्हे, जरा पिवळ्याकडे... छे, हा तर पोपटी झाला." काठाचा तांबडा त्यांना पहिल्याच झटक्यात जमला. हिरवा काही केल्या जमेना. डोळे मिटून बघितलं, चष्मा काढून बघितलं, आतून मामींचं एक हिरवं पातळ मागवून पडद्याशेजारी धरलं. "ह्याच्याहून काळपट. पण उन्हात आई बसलेली, म्हणजे उन्हाने फिकं..." मामी ताटं घेऊन दोनदा आल्या आणि दोनदा परत गेल्या.

शेवटी आम्ही तीन वेगवेगळे हिरवे जतन केले. निगेटिव्हचं पाकीट मी पुन्हा पेटीत ठेवताना वाचलं. वर मामांच्या पेन्सिलीचं बारीक अक्षर होतं : आई, अंगण, दुपार. एफ ८, एकशे पंचवीस. चेहऱ्याला दोन कमी. लुगड्याचा रंग लिहिलेला नव्हता.